देव्हाऱ्यातला परका चेहरा

दिएपच्या घरात पुढच्या खोलीत स्टुडिओ आणि मागे स्वयंपाकघर. मध्ये दार नाही, नुसता पडदा. ओळखपत्राच्या फोटोला बसलेल्या माणसाच्या नाकात मडक्यात शिजणाऱ्या माशाचा वास जातो आणि त्याचं आखडलेलं तोंड आपोआप सैल पडतं. दिएप म्हणते, हे यंत्र शहरातल्या कुठल्याही स्टुडिओत नाही. खिडकी कालव्याकडे आहे. पाण्यावरून येणारा उजेड तिला दिव्यांपेक्षा आवडतो, पण होडी गेली की तो भिंतीवर हलायला लागतो, मग ती खिडकीतून होडीवाल्याचा उद्धार करते.

सा देक गावातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचंच तिच्याकडे काम असतं. लग्नाचे फोटो, ऑनलाइन विकायच्या शेवंतीच्या कुंड्या, कुणाची घरी केलेली माशाची चटणी. पण ती जीव लावून करते ते देव्हाऱ्यातले फोटो. माणूस गेलं की त्याचा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात बसतो आणि श्राद्धाच्या जेवणाला ते त्याच चेहऱ्याने घरी येतं. तो चेहरा त्याचा स्वतःचा असावा, इतकी साधी गोष्ट. ती माझ्यासारख्या न लिहिणाऱ्या माणसाला कागद घेऊन लिहावी लागते, याचाच मला राग येतो.

सुरुवातीला दिएपही इतरांसारखंच करायची. ओळखपत्रावरचं डोकं कापायचं आणि आओ दाई, म्हणजे आमच्या बायकांचा सणासुदीचा लांब झगा, घातलेल्या एका तयार धडावर चिकटवायचं. धड कॉम्प्युटरमध्ये कायमचं ठेवलेलं. एकदा ती एका घरी श्राद्धाला जेवायला गेली. देव्हाऱ्यात तीन जावा ओळीने बसलेल्या. तिघींचे खांदे तेच, झगा तोच निळा, गळ्यातले मोतीही तेच. घरच्यांना काही खटकलं नव्हतं. उलट यजमानीण कौतुकाने म्हणाली, आयुष्यभर भांडल्या, पण आता बघ कशा एकमताने बसल्यात. सगळे हसले. दिएप अर्ध्या जेवणातून उठली. घरी येऊन तिने ते धड कॉम्प्युटरमधून पुसून टाकलं. तेव्हापासून ती म्हाताऱ्या माणसांकडे ती हिंडती-फिरती असतानाच कॅमेरा घेऊन जाते. हसा असं कधी म्हणत नाही. बायकांना सासूबद्दल विचारते आणि पुरुषांना बायकोच्या स्वयंपाकाबद्दल. मग चेहरा जागा होतो.

माझी मोठी बहीण साऊताई. साऊ म्हणजे सहावी, मी ताम, आठवा. आमच्याकडे घरात नावापेक्षा क्रमच चालतो. आई गेल्यावर मला ताईनेच वाढवलं. कालव्याकाठच्या बाजारात मुओई नावाच्या मैत्रिणीशेजारी बसून तिने जन्मभर भाजी विकली. दिएपने तिला सासूबद्दल विचारलं तेव्हा ताई अशी खदखदून हसली की पडलेला पुढचा दात, विड्याने रंगलेले ओठ, गालावरचा तेलाने भाजल्याचा डाग, सगळं फोटोत उतरलं. ताईने फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "हाच लावा. ह्यात मी उपाशी दिसत नाही."

ताई गेली त्या दिवशी दिएप तोच फोटो चौकट करून घेऊन आली. ताईचा मुलगा तोआन सायगॉनहून आला होता. त्याने फोटो पाहिला आणि पालथा करून कपाटावर ठेवून दिला. ऑफिसातले साहेब येणार आणि आई अशी बोळकी दिसणार, ते त्याला चालणार नव्हतं. त्याने ताईचा एक जुना फोटो फोनमधल्या कुठल्याशा अॅपला दिला. दुपारपर्यंत मोठी चौकट आली. तिच्यात एक गुळगुळीत गालांची, पूर्ण बत्तिशी असलेली, चाळिशीची बाई. गळ्यात मोती.

मी म्हटलं, तोआन, ही ताई नाही.

"मामा, आईने चांगलं दिसायचं नाही का?" तो म्हणाला.

असं विचारल्यावर समोरच्याने काय बोलावं? मला तर तसंही बोलता येत नाही. दिएप मात्र भांडली. ज्या बाईने स्वतःच्या तोंडाने फोटो निवडला तिला तुम्ही गप्प करताय, म्हणाली. तोआन शांतपणे म्हणाला, "तू फोटोवाली आहेस. घरची नाहीस." देव्हाऱ्यात कुणाला बसवायचं हा घरच्यांचाच अधिकार. येणारे लोक त्या चौकटीपुढे अगरबत्ती लावत होते आणि काय सुंदर दिसतात हो, असं म्हणत चहा पीत होते.

पुढे काही आठवड्यांनी मुओईबाई दिएपकडे स्वतःचा फोटो काढायला आली. ती आता नदीपलीकडे मुलीकडे राहते. तिची आणि ताईची गाठ बाजारातच पडायची, ताईचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं. स्टुलावर बसली आणि सासूबद्दल बोलायचं सोडून माझ्याच नावाने बोटं मोडायला लागली. तुझ्या ताम काकाला सांग, म्हणाली, माझी वाट न बघता साऊला माती दिलीत. मी फेरीबोटीतून उतरून, फळं घेऊन आले, तर गल्लीत नुसता कुणा तरुण बाईचा फोटो लावलेला मयताचा मांडव. बिचारी अकाली गेली, म्हणून मी दारातूनच हात जोडले आणि परत गेले.

मुओईबाईला वाचता येत नाही. मांडवावरचं नाव तिच्या काय कामाचं? आपल्याकडे सगळेच फोटो बघून आत शिरतात.

दिएप तशीच माझ्या घरी आली. मी कुंड्यांना पाणी घालत होतो. ती रडत नव्हती. संतापली होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "काका, ताईंना जाऊन शंभर दिवस झाले की त्या दिवशीच्या विधीला ती चौकट वर देव्हाऱ्यात जाणार. एकदा वर गेली की कुणी खाली काढणार नाही. मला हात लावता येत नाही, तुम्हाला येतो."

मी म्हटलं, मला चारचौघांत बोलता येत नाही गं.

"बोलायला कोण सांगतंय? उचलायचं आणि ठेवायचं. तेवढंही होणार नसेल तर तोंडावर सांगा. मी कॅमेरा कालव्यात टाकते. कुंड्यांचे फोटो काय, फोनवरही निघतात."

शंभराव्या दिवशी ताईच्या घरी पानं मांडली होती. मुओईबाईला दिएपने स्वतः जाऊन आणलं होतं. तोआन चौकट उचलायला वाकणार, त्याआधीच मी कपाटावरून ताईचा फोटो काढला, सदऱ्याच्या बाहीने धूळ पुसली आणि देव्हाऱ्याशी गेलो.

"मामा, काय करताय? लोक हसतील."

मग मी बोललो. इतका मोठा आवाज माझ्याकडे आहे हे मलाही माहीत नव्हतं. "तुझ्या आईशेजारी जन्मभर बसलेली बाई तिला न ओळखता दारातून परत गेली. तेव्हा तू साहेबांना चहा देत होतास."

"मी आईसाठीच केलं."

"आईने सांगितलं होतं तिला काय हवं ते. तू ते पालथं घातलंस."

मी फोटो वर ठेवला. मुओईबाई पुढे आली, तिने तीन अगरबत्त्या लावल्या आणि फोटोकडे बघून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "दात तरी बसवून घ्यायचास की गं, साऊ. मी कुठे कुठे शोधायचं तुला?"

तोआन जेवला नाही. आपली चौकट काखेत मारून निघून गेला. शेजारी म्हणाले, ताम काकांनी चांगला दिवस नासवला. नासवला असेल. ज्यांनी आम्हाला वाढवलं त्यांची आम्हाला लाज वाटते आणि त्या लाजेला आम्ही मान म्हणतो, त्याने मात्र कुणाचा दिवस नासत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिएपकडे गेलो. माझा फोटो काढायचं ती कितीतरी वर्षं म्हणत होती आणि मी टाळत होतो. स्टुलावर जाऊन बसलो. आज काही विचारू नकोस, म्हटलं. ती कॅमेऱ्यातून बघत राहिली.

"काका, तुम्ही अजून रागावलेले दिसताय. उद्या या."

"उद्याही असेन. काढ."

बाहेरून होडी गेली, उजेड हलला. या वेळी ती होडीवाल्यावर ओरडली नाही. पाणी शांत होईपर्यंत थांबली आणि मग बटण दाबलं. फोटोत माझ्या कपाळावरची शीर फुगलेली दिसते. ती पुसू का, असं तिने सवयीने विचारलं आणि माझं तोंड बघून स्वतःच नको म्हणाली.

चौकट करून घरी आणली आहे. मला मूलबाळ नाही, मी गेल्यावर मला देव्हाऱ्यात बसवणार तो तोआनच. ती कुठे ठेवली आहे ते मी तोआनला कळवलं आहे.