भाऊजींच्या सेलांची जोडी

सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत फोटो काढणारे पुष्कळ असतील, पण कॅमेऱ्याच्या सेलांना बैलांसारखं वागवणारा माणूस एकच, आणि तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. बोरगावला त्यांची संत्र्याची बाग आहे. घरात सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, तरी भाऊजींच्या गळ्यात तो दोन पेन्सिल सेलांवर चालणारा जुना डिजिटल कॅमेरा लटकतोच. फोटो कसा आला हे ते क्वचित बघतात. आधी सेल बाहेर काढून, तळहातावर घेऊन, दमलेत का ते बघतात.

वापरून फेकायचे सेल त्यांच्या लेखी किरायाचे बैल. चार्जिंगचे ते घरचे. घरच्यांच्या जोड्या ठरलेल्या. बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाचा ठिपका प्रत्येक जोडीवर, आणि लाल ठिपक्याशेजारी हिरवा बसवला की त्या दिवशी भाऊजी कोणाशी बोलत नाहीत. "ताज्या बैलासंग थकला बैल जुपला तं काय होते? दोघंही जातात. ह्यांचं बी तसंच हाय." पोळ्याला अख्खा गाव सजवलेले बैल घेऊन फोटोसाठी दारात उभा, आणि भाऊजी कॅमेरा कपाटात ठेवून बसलेले. म्हणे, "आज जोडीले सुटी हाय." ताई म्हणाली, "मंग पुरणपोळी बी चारा त्यायले." भाऊजी हसले नाहीत. मला वाटतं, ते विचार करत होते.

एकदा बोरगावची लाइट गेली, तर बसने थेट माझ्या घरी पांढुर्ण्याला. मी ऑफिसातून आलो तो हे चार्जरसमोर खुर्ची टाकून बसलेले. म्हटलं, "भाऊजी, सेल कुठंही विकत भेटतात. एवढ्यासाठी कायले आले?"

"तुमच्याकडं नाही आलो, पांढुर्णावाले. सेल चारून राहिलो."

चरून झाले तसे निघाले. जेवायलाही थांबले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या पोरीचं लग्न झालं. ती बंगलोरला जाणार होती. भाऊजींची अट एकच: "बाकी लग्न फोटोवाल्याचं. पोरगी निघतानाचा फोटो माझा. तवा कोणी मोबाइल काढाचा नाही." त्यासाठी लाल ठिपक्याची जोडी आधीपासून आरामात ठेवलेली. माझा भरवसा नव्हता, मी विकतचे सेल खिशात घेऊन गेलो. त्यांनी बरोबर ओळखलं. "किरायाचे घेऊन फिरून राहिले न?"

निरोपाच्या वेळी पोरगी गाडीपाशी वळून, डोळे पुसून, बापासाठी नीट उभी राहिली. सगळ्यांनी मोबाइल खिशात घातले. भाऊजींनी कॅमेरा वर केला. मी त्यांच्या खांद्याशीच होतो. पडद्यावर पोरगी होती, कोपऱ्यात बॅटरीची खूण पूर्ण भरलेली. बोट बटणावर होतं, पण ते काही दाबलं गेलं नाही. पोरगी वाट बघत राहिली, भाऊजी बघत राहिले, आणि बराच वेळ कोणी हात लावला नाही म्हणून पडदा आपणच विझला. गाडी निघाली.

"काढला का?" सगळे विचारू लागले. भाऊजी गाडी गेली त्या रस्त्याकडेच बघत होते. मी कार्यात सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. म्हणालो, "सेल बसले."

एकच हशा पिकला. व्याही म्हणाले, "बैल ऐन शंकरपटाच्या शर्यतीत बसले म्हणा की." सेलांना कोणी नावं ठेवली की भाऊजी भांडायला उठतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "हो. बसले."

तेव्हापासून बोरगावला जाणारा प्रत्येक पाहुणा विकतच्या सेलांचं पाकीट नेतो. भाऊजी निमूट घेतात. पोरगी फोनवर मला म्हणते, "मावसाजी, बाबाले सांगा, आता तरी ते सेल फेका." मी हो म्हणतो आणि त्या रात्री मला जेवण जात नाही. शेवटी परवा बागेत गेलो. म्हटलं, "भाऊजी, तिला खरं सांगू द्या मला."

"काय सांगसान? बापाचं बोट चाललं नाही म्हून?"

ते एका संत्र्याच्या झाडाची सुकी काडी मोडत राहिले. मग म्हणाले, "सांगा. पण सेलावरचा आळ आधी काढा."

तर आळ काढतो. पोरी, ती जोडी भरलेली होती. तू गाडीपाशी उभी होतीस तेवढा वेळ ती भरलेलीच होती.