ढेकर येईपर्यंत जीप उभी

“ढेकर आल्याबिगर गाडी न्हाई.”

कमलनगरच्या स्टँडवर जीप खचाखच भरलेली, उन्हानं सगळे वैतागलेले, आणि ड्रायव्हर कुणाचं तरी तान्हं लेकरू खांद्यावर टाकून जीपभोवती फेऱ्या मारतोय, असं तुम्ही कुठं पाहिलं नसेल. मी नोकरीसाठी रोज त्याच जीपनं ठाणाकुशनूरला जायचो, त्यामुळे मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. भरघोस मिशा आणि आवाज असा, की उदगीरला जाणारा माणूसही चुकून आमच्या जीपमध्ये येऊन बसे. लेकराला पाजून झालं की आई ते बिनघोर त्यांच्याकडे द्यायची. धुतलेला टॉवेल खांद्यावर, त्यावर लेकराची हनुवटी, आणि पाठीवर खालून वर हलकं थोपटणं. त्या टॉवेलनं त्यांनी स्वतःचा घाम कधी पुसला नाही.

कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, “कामून घाई करायलाव? पोटात वारं धरून कुणी सुखानं बसतंय व्हय?”

एकदा लग्नाला निघालेल्या एका पाहुण्यानं फारच कटकट लावली. अण्णांनी मुकाट्यानं लेकरू आईकडे दिलं आणि गाडी काढली. आमच्याकडचे रस्ते कसे आहेत ते वेगळं सांगायला नको. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात लेकरानं प्यालेलं सगळं दूध पाहुण्याच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर टाकलं. अण्णा समोर बघत गाडी चालवत राहिले. आरशात त्यांच्या मिशा तेवढ्या हलताना दिसल्या.

पुढे अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. जीप पुतण्या चालवू लागला. अण्णा मात्र रोज टॉवेल खांद्यावर टाकून स्टँडवरच्या बाकावर येऊन बसायचे. लेकरू कुणी देईना. आयांचंही चुकत नव्हतं. हातातून सुटलं तर? कुठं लेकरू रडलं की अण्णा मान वर करून बघायचे, आणि आई दुसरीकडे तोंड फिरवायची. मला ते बघवायचं नाही.

मग एक दिवस ठाणाकुशनूरची एक बाई आली. तिच्या थोरल्या लेकरांनाही अण्णांनीच थोपटलं होतं. जीपमध्ये बसून तिनं तान्ह्याला पाजलं, खाली उतरली आणि सरळ अण्णांशेजारी जाऊन बसली.

“अण्णा, तुमी नुसतं धरा. मी थोपटते.”

तिनं लेकरू त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेवलं. अण्णांनी डाव्या हातानं ते घट्ट धरलं. ढेकर काही येईना. पुतण्यानं गाडी चालू करून हॉर्न वाजवला. अण्णा कसंबसं एवढंच बोलले, “थांब.” अखेर ढेकर आला आणि थोडं दूध टॉवेलवर सांडलं. बाई पुसायला गेली, तर अण्णांनी पुसू दिलं नाही.

त्यानंतर बायका पुन्हा लेकरं घेऊन त्या बाकावर बसू लागल्या. अण्णा गेले त्या आठवड्यातसुद्धा बसल्या होत्या.

आता बाक रिकामा असतो. पुतण्या लेकराला हात लावत नाही, त्याला भीती वाटते. पण मागं कुणी लेकराला पाजत असेल तर तो इंजिन बंद करतो आणि मागं न बघता स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहतो. मागून आई “आला” म्हणाली, की चावी फिरवतो.