पायरीवरचा तांब्या

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लॉजचं उद्घाटनसुद्धा मी अमावस्येला केलं होतं, हट्टानं. तरी हे लिहितोय, कारण डोकं पार पिकलंय...

बीडहून कपिलधारला जाताना, डोंगराच्या उतारावर आमचं रान आहे. तिथेच माझा निसर्ग-लॉज. मातीच्या खोल्या, टीव्ही नाही, एसी नाही. लोकांनी यावं आणि निवांत राहावं. पाणी तेवढं जपून वापरायचं, कारण बोअरचा भरवसा नाही. म्हणून पाहुण्यांना पाय धुवायला पायरीपाशी पाणी ठेवायची आमची घरची पद्धत मी बंद केली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आधीच रुसलेले. "पाव्हण्याकून पैशे घेतूस? न्हाई येनार मी तिथं!" घर हाकेच्या अंतरावर, पण लॉज झाल्यापासून या माणसानं इकडे पाऊल टाकलं नाही. मला ते फार लागायचं.

आणि वर हा तांब्या! पाहुणे यायच्या जरा आधी पायरीवर भरून ठेवलेला. पितळी. आमच्या लॉजवर सगळं स्टीलचं. मी स्वयंपाकाच्या रुक्मिणमावशींवर खेकसलो.

"मी कावून ठिवीन, दादा? भाकरी थापू का तांबे भरत बसू?"

मग तांब्या कपाटात कुलूप लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर! कुलूप जसंच्या तसं, कपाट रिकामं. एकदा तर बुकिंगच नव्हतं, तरी हा हजर. वैतागून पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं... थोड्याच वेळात न कळवता एक कुटुंब दारात, पाय धुळीनं माखलेले. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी लॉज पूर्ण रिकामा होता, आणि तांब्या होताच. "आता कोण येतंय बाबा?" म्हणत उचलायला वाकलो, तर फाटकातून अण्णा आत येत होते. काठी टेकत, धापा टाकत. तांब्यापाशी थांबले. चपला काढल्या, सावकाश पाय धुतले, ओला हात डोळ्यांवरून फिरवला.

"पानी ठिवलंस व्हय," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, इसरलास समदं."

मी नाही ठेवलं – हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता अण्णा रोज येतात. पाहुण्यांच्या पंगतीत बसून आग्रह करतात, बोअरचं पाणी सढळ हातानं वापरतात, मला उठता-बसता शिकवतात. पायरीवर पाणी आता मीच ठेवतो, स्टीलच्या तांब्यात. पितळी तांब्या त्या दुपारनंतर कुणालाच दिसला नाही. कुठून यायचा, कोण भरायचं, मला आजही सांगता येत नाही.

आणि अण्णांचं रोजचं एकच...

"आपला पितळी तांब्या कुठं ठिवलास रं?"