पाच दिवस पाणी नको

माझा धाकटा दीर हर्षद रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा साहाय्यक होता. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तो इतक्या नेटक्या लिहायचा की तपासणीला आलेले साहेब त्याच्या अक्षराचं कौतुक करून जायचे. मुलं मात्र त्याला 'चंबू' म्हणायची. अठ्ठाविसाव्या वर्षापासूनच त्याचं कपाळ वर सरकायला लागलं होतं. कुणीतरी फळ्यावर गोल बुडाचा चंबू काढून त्याला चष्मा लावून ठेवायचं. हर्षद तो पुसायचा आणि साहित्य मांडायला घ्यायचा.

पस्तिशीपर्यंत अकरा स्थळं झाली. टकलाचा विषय कुणी तोंडावर काढत नाही. पत्रिका जमत नाही, मुलीला एवढ्यात करायचं नाही, असं कळवतात. लांज्याच्या एका मावशींनी मात्र दारातच विचारलं, "मुलाचे काका आलेत वाटतं. मुलगा मागून येतोय का?" पुढे उभा होता तो हर्षदच. आमचे सासरे, आप्पा, सगळ्यांत मोठ्याने हसले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आप्पांचे पांढरे केस असे दाट की फणी अडकायची. ते चारचौघांत म्हणायचे, "आमच्या घराण्यात टक्कल नाही. हा कुठून आला ते विचारायला याची आई राहिली नाही." हर्षद खाली मान घालून जेवायचा. आप्पांना उलट उत्तर देणं आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. माझे यजमान पोफळीला नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी येणार. तेही आप्पांसमोर खुर्चीत बसत नसत.

बारावं स्थळ नाटे गावचं आलं, २००७ साली. मुलगी मृणाली, एकतीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी. फोटो मी पाठवला. आमच्या लग्नातला, सात वर्षांपूर्वीचा, भांग पाडलेला हर्षद. त्यांचा फोन आला, फोटो पसंत आहे, वीस मेच्या रविवारी बघायला येतो. फोन आला त्या दिवशी हर्षद माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, कुठला फोटो पाठवलात?"

मी सांगितलं. तो पाटावर बसला.

त्याचा मावसभाऊ धाकू बोटीवर होता. त्याने सांगितलं, परदेशात म्हणे सुईने डोक्यावर बारीक बारीक ठिपके देतात, लांबून बघितलं तर बारीक कापलेले केसच वाटतात. मुंबईत दादरला एक बाई कायमच्या भुवया रंगवायची, ती आता हेही करायला लागली होती. धाकूने तिच्याकडून सूचनांचा झेरॉक्स कागद आणून दिला. तो कागद मी तांदळाच्या डब्याखाली ठेवला, कारण तिथे आप्पांचा हात जात नसे.

मग आमचे पंधरा दिवस त्या कागदावर चालले. आधी डोक्यातला कोंडा पूर्ण जायला हवा. दहा दिवस तेल बंद. डोक्याला ऊन लागता कामा नये, कुठे ओरखडा, फोड असता कामा नये. डोकं दुखलं तरी ॲस्पिरिन घ्यायची नाही, रक्त पातळ होतं. मी सकाळी हर्षदची टाळू खिडकीपाशी उजेडात बघायचे, कानामागे पुटकुळी आली तर दोघांची झोप उडायची. इतकं निरखून मी माझ्या पोरांच्याही टाळूकडे बघितलं नव्हतं. बावीस वर्षांचा असल्यासारखा तो शिट्टी वाजवत आंघोळीला जायचा. आप्पा म्हणाले, "याला काय झालंय?" मी म्हटलं, "सुट्टी लागली ना."

तीन मेला दादरला काम झालं. त्या बाईने आधी उरलेले केस पार काढून टाकले, कारण ठिपक्यांबरोबर नवे केस सारखे वाढायला हवेत. वीस तारखेपर्यंत खपल्या पडून जाणार होत्या. विचारलंच कुणी तर उन्हाळ्यामुळे बारीक कटिंग केलं म्हणून सांगायचं, एवढं आमचं ठरलं होतं.

डोकं भादरल्यावर काय दिसतं, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. बी.ए. झालेली मी आणि सायन्सच्या खोलीत आयुष्य काढलेला तो.

चार मेला सकाळी रातराणीने तो स्टँडवर उतरला. टोपी घासेल म्हणून टोपी नाही, ऊन नको म्हणून डोक्यावर काळी छत्री, जागरणाने डोळे लाल. नाट्याचा बाबल्या मासळीचा टेम्पो घेऊन तिथे होता, मृणालीच्या नात्यातलाच. त्याने लांबून बघितलं आणि जवळ न येता नुसते हात जोडले. हर्षदनेही जोडले.

घरी आप्पा ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

"कोण मेलं?"

"कुणी नाही, आप्पा."

"बाप जिवंत असताना डोकं भादरून दारात येतोस?"

हर्षदने खरं ते सगळं सांगून टाकलं. खोटं त्याला कधी जमलंच नाही. आप्पा ऐकून घेऊन आत गेले आणि दोन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "त्याचं ताट माझ्याशेजारी मांडू नकोस."

पाच दिवस पाणी नको, घाम नको, खाजवायचं नाही. मे महिन्यात रत्नागिरीत घाम नको! तो पंख्याखाली ताठ बसून राहायचा, मी उकळून गार केलेल्या पाण्याचा कापूस पिळून गळ्यामागचा घाम टिपायचे. खपल्या धरायला लागल्या होत्या. कपाळावरची केसांची रेघ खरोखर छान दिसत होती. त्याने हातआरसा मागितला आणि किती वेळ परत दिलाच नाही.

रविवारी, सहा तारखेला, दुपारी दोन पुरुष पुढच्या अंगणात, खळ्यात आले. बाबल्या आणि मृणालीचे वडील भास्करराव. वहाणा लांब काढल्या, नमस्कार केला नाही, खाली बघत ओटीच्या कडेला बसले. मी पाणी आणलं तर भास्कररावांनी हातानेच नको म्हटलं.

"एकाएकी कसं झालं?"

"काय?" मी विचारलं.

"कळवलंत सुद्धा नाही. बाबल्याने सांगितलं म्हणून कळलं. दहावं झालं का?"

तेवढ्यात आप्पा आंघोळ करून मागच्या दाराने आले. पंचा गुंडाळलेला, केसांतून पाणी टपकतंय. बाबल्या उठून दोन पावलं मागे गेला आणि त्याचा पाय तुळशीच्या कट्ट्याला लागला.

"बसा, बसा," आप्पा म्हणाले. "मी मेलेलो नाही. आमच्या चिरंजीवांना घाई झाली होती. हर्षद! बाहेर ये."

तो आला.

"बघा. केस चितारून आणलेन. तुम्हाला फसवायला. फोटोत दिसतात ना, तेवढे."

आप्पांना तेवढ्याने होईना. "जिवंत बापाचं क्षौर करून घरात वावरतोय. आधी डोक्यावरून आंघोळ हवी. आणि रंग पक्का आहे की कच्चा, तेही पाहुण्यांना कळू दे. अगो, तांब्या आण. शेंडी पण आण घासायची."

"आप्पा, पाच दिवस पाणी नको म्हणून सांगितलंय," हर्षद म्हणाला. एवढंच म्हणाला.

"बस खाली."

तो शर्ट काढून खळ्यात उकिडवा बसला. मी तांब्या, बादली आणि भांडी घासायची नारळाची शेंडी आणली.

आप्पांनी चार तांबे ओतले. मग एका हाताने त्याची मान दाबून धरली आणि कढई घासावी तसं कपाळापासून मागे घासायला लागले. खपल्या निघाल्या. पाणी आधी करडं वाहिलं, मग तांबूस. हर्षदने गुडघे घट्ट धरले होते. बाबल्या म्हणाला, "अहो, लागत असेल त्याला." आप्पा म्हणाले, "लागू दे. चित्रं काढताना लागलं नाही?"

"पुरे," भास्करराव उठले. पायऱ्या उतरून माझ्याजवळ थांबले.

"फोटो कुणी पाठवला होता?"

"मी."

"फोटोचं सोडा. टक्कल आहे हे आम्हाला बाबल्याने मागेच सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, बघू तर खरं." त्यांनी हर्षदकडे पाहिलं; तो अजून बसलेलाच होता. आवाज त्यांनी मुळीच खाली आणला नाही. "पण पस्तीस वर्षांच्या माणसाला बापाचा हात धरता येत नसेल, तर उद्या त्या जागी माझी पोर बसेल. तांब्या तुम्ही आणालच."

हे हर्षदने ऐकलं. आप्पांनीही ऐकलं; ते पंचा झटकून आत गेले आणि जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं.

डोकं पिकलं. डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं. बरं झालं तेव्हा रेघ मधेच तुटलेली होती, डावीकडे निळसर डाग, उजवीकडे काहीच नाही. ठिपके भरायच्या दुसऱ्या बैठकीला तो दादरला गेला नाही. तेरावं स्थळ आम्ही बघितलंच नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांनी फळ्यावरच्या चंबूला निळ्या खडूने अर्धी झालर काढली. आप्पा अजून आहेत. त्यांची दाढी हर्षदच करतो.

पण त्या आठवड्यातलंच सांगते. मी त्याला मलम लावत होते. कागदात पाणी लागलं तर काय करायचं ते लिहिलंय का, असं त्याने विचारलं. नव्हतं लिहिलेलं. मग थोड्या वेळाने, मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तांब्या का आणलात?"

"आप्पांनी सांगितलं म्हणून."

"हो ना," तो म्हणाला. "मीही म्हणूनच बसलो."

आणि मला दुसऱ्या बाजूला लावता यावं म्हणून त्याने मान वळवली.