सुकाणूचे टाके

आमचे थोरले दीर घरी आलेल्या माणसाला बसा म्हणण्याआधी त्याच्या बाहीची शिवण नखाने ओढून बघत. दोरा सैल लागला की विचारत, "कुणी शिवलाय हा?" मग तो नवा जावई असो नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस. मी घरी ब्लाउज शिवत असे, त्यामुळे त्यांच्या नखाखाली सगळ्यांत जास्त माझंच काम सापडे.

त्यांचं नाव दत्तात्रय. मी त्यांना भाऊजी म्हणे. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यात एका बाईचं कल्याणच झालं. ते हवाई दलात कापडाचं काम करत. जुन्या लढाऊ विमानाचं अंग पत्र्याचं असलं तरी शेपटीचे हलणारे भाग कापडाने मढवलेले असत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सांगाड्यावर कापड ताणायचं, एकेका फासळीला सुईदोऱ्याने शिवायचं, वर रोगण चढवायचं. पुढे कुठे कुठे नोकऱ्या करून, साठी आल्यावर ते नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आले. आमच्या यांनी होय म्हटलं. मला कुणी विचारलं नाही.

हवाई दलातली नोकरी त्यांनी सोडली नव्हती, ती गेली होती. देश स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत एका स्पिटफायर विमानाच्या सुकाणूचं, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलणाऱ्या भागाचं, कापड हवेत उसवलं. विमान धावपट्टीच्या अलीकडे पडलं आणि चालवणाऱ्या तरुण साहेबांचा पाय गेला. सुकाणू भाऊजींनी शिवलेलं होतं. चौकशीत ठरलं, शिवण कच्ची. भाऊजींचं म्हणणं, कापडच कुजकं होतं, शिवणीला काहीही झालेलं नव्हतं. हे मी पोळ्या लाटताना ऐकलं, आजारी असताना ऐकलं, सासूबाईंच्या तेराव्यालाही ऐकलं.

आणि मग ते विमान करायला बसले. जवळजवळ दोन हात लांब, जसंच्या तसं. चहाच्या खोक्याच्या फळ्यांचा सांगाडा, तेलाच्या डब्यांचा पत्रा. पत्र्यावर रिव्हेटच्या खिळ्यांच्या रांगा उठवायला माझं कापडावर खुणा करायचं दातेरी चाक न विचारता नेलं आणि त्याचे दाते बोथट केले. बसायच्या जागेत काडेपेटीएवढी खुर्ची, तिला पट्टे, पट्ट्यांना बकल. मशीनचं टेबल त्यांनी बळकावलं. मी मशीन जमिनीवर ठेवून, मांडीखाली पाट घेऊन दोन वर्षं हाताने चाक फिरवून शिवलं. रोगणाचा वास गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना लागे. तक्रार केली की म्हणत, "अहो शिलाईवाल्या बाई, ब्लाउज उसवला तर बाई शाल पांघरून घरी येते. विमान उसवलं तर कोण येतं?"

एकदा मी म्हटलं, "तुमचंही उसवलंच की." चार महिने बोलले नाहीत. फार बरे गेले.

विमान करण्यामागे हेतू होता. ते पाय गेलेले साहेब निवृत्त होऊन येरवड्याच्या बाजूला राहतात असं त्यांना कळलं होतं. साहेबांना घरी बोलवायचं, आणि त्यांच्यासमोर सुकाणूचा एक टाका कापून दोरा ओढून दाखवायचा. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ असते, त्यामुळे एक तुटला तरी शेजारचा सुटत नाही. म्हणजे शिवण निर्दोष. त्यांनी पत्र टाकलं आणि साहेबांचं उत्तर आलं, रविवारी चार वाजता येतो.

तोवर भाऊजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. शेपटीचे दोन आडवे पंख त्यांनी आधीच शिवून ठेवले होते, उभं सुकाणू तेवढं राहिलं होतं. सुईत दोरा जाईना. तीन दिवस झगडले आणि मग सुकाणू माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "परकर समजू नकोस." एवढीच विनंती.

मी नमुन्यासाठी त्यांनी शिवलेले पंख घेतले आणि चष्मा लावून एकेक टाका पाहिला. काम सुंदर होतं, ते नाकारत नाही. पण दोन्ही पंखांवर कडेच्या शेवटच्या चार टाक्यांना गाठी नव्हत्या. दोरा नुसता पुढे ओढलेला. मला लगेच कळलं, कारण दिवाळीच्या गर्दीत मीही तेच करते. शिवण संपत आली की हात घाई करतो, आणि आपण गाठ मारली असं डोक्याला वाटतं.

मी त्यांना सांगितलं. सांगताना बरं वाटलं, हेही लिहिते. ते म्हणाले, "तुझे डोळे फुटलेत." मग पंख हातात घेऊन नखाने टाके चाचपत बसले. जेवायला उठले नाहीत. पुढचे तीन दिवस कापड कुजकं होतं हे वाक्य घरात आलं नाही.

मी सुकाणू शिवलं. सगळ्या गाठी मारल्या. मनात ठरवलं होतं, साहेबांसमोर भाऊजी माझ्या टाक्यांवर स्वतःचं नाव लावणार. लावू देत. चहा देता देता मी खरं काय ते सांगणार. एवढ्या वर्षांची भरपाई एका वाक्यात.

रविवारी साहेब काठी टेकत जिना चढून आले. लाकडी पाय प्रत्येक पायरीवर वाजला. विमान बघून चेहरा जरा बदलला, पण कौतुक केलं नाही. बसले आणि म्हणाले, "दाखवा काय दाखवायचंय ते."

भाऊजींनी कात्री घेतली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, वाक्य जिभेवर होतं. त्यांचा हात सुकाणूवरून पुढे गेला आणि आडव्या पंखाच्या कडेला थांबला. चाचपून त्यांनी टाका कापला आणि दोरा ओढला. रोगण तडकलं, चारही टाके एका दमात सुटले, कापड वर आलं.

"हे मी शिवलंय, साहेब," ते म्हणाले. "तेव्हाही असंच शिवलं असणार. सुकाणू हिनं शिवलंय, ते सुटणार नाही."

साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत. भाऊजी म्हणाले, "माहीत नव्हतं. बुधवारी कळलं."

साहेबांनी पंखाचं वर आलेलं कापड बोटाने खाली दाबलं. मग म्हणाले, "मला पंचवीस वर्षांपूर्वी कळलंय." उठले आणि चहा न घेता निघाले. जिन्यात आमचे हे हात द्यायला गेले, तो त्यांनी झटकला.

जिन्यावरचा आवाज थांबेपर्यंत मी ट्रे धरूनच उभी होते. माझं वाक्य कुणाच्याच उपयोगाचं राहिलं नव्हतं. भाऊजींनी ट्रेमधल्या कपबश्यांच्या आवाजाच्या रोखाने हात पुढे केला. मी साहेबांचा कप त्यांना दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "साखर कमी आहे."

पुढच्या वर्षी ते गेले. माणूस म्हणून मला ते शेवटपर्यंत आवडले नाहीत. पण त्या रविवारपासून ते असेपर्यंत त्यांना सांगायची एक गोष्ट माझ्याकडे होती. पूर्वी कधीतरी पक्क्या शिवणीचे पैसे घेऊन मी एका नव्या नवरीला कच्च्या शिवणीचा ब्लाउज दिला होता, आणि तो भर मांडवात उसवला तेव्हा कापडच कुजकं होतं असं तिच्या आईला ठणकावून सांगितलं होतं. त्यांच्यासमोर ते माझ्या तोंडून निघालं नाही.