तिसरा वाफा

वन्सं गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा मी मळ्यात होते. चण्याचे दोन वाफे हिरवे झाले होते, तिसरा नुसता खणून ठेवलेला... मनात पहिलं आलं ते हे, की आता हा पेरणार कोण? रडू नंतर आलं. खोटं कशाला सांगू!

वन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, डिचोलीला बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर लाटंबार्शाच्या घरी येऊन हात धुऊन चण्याच्या मागे लागल्या. गाव हसला. भात कापलं की आमच्याकडे अळसांदे, म्हणजे चवळी, घालायचे, मिरची लावायची. चणे दुकानातून आणायचे. कुणी हौसेनं पेरलेच, तर मिरचीसारखं रोज पाणी घालून कुजवायचे आणि वर म्हणायचे, ही माती चण्याची नव्हे. वन्सं उसळायच्या. "मातयेक नावां ठेवू नकात! वेळ कोणी बगली?" मग त्यांनीच ती बघायला घेतली. एक वाफा दिवाळीत, दुसरा तुळशीच्या लग्नानंतर, तिसरा दत्तजयंतीला. प्रत्येकात अर्धे बारीक तपकिरी चणे, अर्धे मोठे पांढरे काबुली. वाफ्याच्या तोंडाशी खुंटी आणि तिला त्यांच्या जुन्या साडीची चिंधी. "तिसरोच खरो," असं म्हणायच्या. गावात बहुतेकांचं भात उशिरा निघतं, त्यांच्या कामाचा तिसराच.

आणि दत्तजयंती नेमकी सुतकात आली. मी बियाणं घेऊन निघाले तर चुलतसासरे, बाबूकाका, पायरीवर आडवे आले. "घरात मरण झाला आणि तू बियाण्याक हात लावतंस? काय वाटणा नाय तुका?"

"वाटता म्हणानच लावतंय, काकानु. सुतक माका आसा, चण्याक नाय."

आमच्या ह्यांनी पाण्याची बाल्दी उचलून माझ्या हातात दिली. बहिणीसाठी त्या दिवशी त्यांना तेवढंच जमलं. मी पेरलं, हुंदके देत पेरलं, आणि गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं.

फाल्गुनात ऊन तापलं. तिसऱ्या वाफ्यातल्या काबुलीचे घाटे दाबले तर पोकळ, हवा नुसती. तपकिरी मात्र भरले! दिवाळीच्या वाफ्याएवढे नाहीत, पण भरले. वन्संना एवढंच हवं होतं. होय की नाही ते वाफ्यानं सांगावं, गावानं नव्हे.

परवा बाबूकाका खांद्यावर पंचा टाकून आले. त्यांचं भातही उशिराचंच. खळ्यात सुकत घातलेल्या चण्यांकडे बघत उभे राहिले...

"थोडां बियाणां दितंस?"

"सुतकातला आसा. चलतला?"

त्यांनी पंचा पसरला. मी ओंजळ भरून घातली. वर चिंधी बांधलेली तिसरी खुंटीही ठेवली आणि सांगितलं, वाफ्याच्या तोंडाशी मारा, सगळ्यांना दिसेल अशी.