घुग्घुसजवळ बांधलेली वाळवंटातली गल्ली

नागपूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नोकरीला होते, तेव्हा आम्हाला परदेशातल्या एका वाळवंटी शहरात नवी वस्ती आखायचं काम मिळालं. एसीवर फार अवलंबून न राहता लोकांना तिथं राहता आणि चालता यावं, अशी अट होती. ऑफिसात कोणीही वाळवंट पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, "तू चंद्रपूरकडची ना?" मी म्हटलं, मूल गावची. त्यांना तेवढं पुरलं. वस्तीतली एक गल्ली मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात खरोखर बांधायची आणि ती किती थंड राहते ते मोजायचं, असं ठरलं.

घुग्घुसच्या रस्त्यालगत एक मोकळा प्लॉट मिळाला. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. कच्च्या विटांच्या दोन जाड भिंती, दोन पुरुष उंच, आणि मधे तीन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट, असा नकाशा होता. बांधायला मूलकडचे एक वयस्कर मिस्त्री आले. भिंती झाल्यावर ते एकदा पूर्ण फेरी मारून आले.

"म्याडम, घर कुठी हाये?"

"घर नाही, भाऊ. गल्लीच आहे."

"मंग लोकं कुठी राह्यतीन?"

"कोणी राहणार नाही. मला गरमी मोजायची आहे."

"बरं," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

पहिल्याच दिवशी बाराला मी वही घेऊन गल्लीत गेले, तर आत सावलीच नव्हती. मेमध्ये आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भिंत कितीही उंच असली तरी त्याला फरक पडत नाही. कॉम्प्युटरनं हे दाखवलं होतं. मी अहवालात दुपारी तीनची चित्रं घातली होती, कारण ती चांगली दिसत होती. साहेबांना फोन केला.

"तीन वाजता कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"तीनला छान आहे."

"मग तीनचे आकडे पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा मिस्त्री भिंतींवर आडवे बांबू टाकून त्यावर जांभळाच्या फांद्या पसरत होते. घरापुढे उन्हाळ्यात घालतात तसा मांडव.

"भाऊ, हे नकाशात नाही."

"तुमच्या नकाशात बारा वाजत नसन," ते वरूनच म्हणाले.

त्या दुपारी तापमापकाचा पारा आदल्या दिवसापेक्षा बराच खाली राहिला. मी दोनदा बघून खात्री केली.

तिसऱ्या दिवशी ताक विकणारी एक बाई आपला माठ घेऊन आत आली आणि भिंतीला टेकून बसली. ती बसली म्हणून खाणीतून सुटलेले कामगार मोटरसायकली बाहेर लावून आत येऊ लागले. आठवड्याभरात दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. एकानं आपला दुपट्टा माझ्या तापमापकावर वाळत घातला होता. आकडे बिघडले. साहेब फोनवर म्हणाले, "माणसं बाहेर काढ."

मी ताकवाल्या बाईपाशी गेले आणि इथं मोजणी चालू असल्याचं सांगितलं.

"हे गल्ली कोनासाठी बांधली, म्याडम?"

"वाळवंटातल्या लोकांसाठी."

"ते कधी येतीन?"

"ते येणार नाहीत."

"मंग आमी बसतो तवर," ती म्हणाली आणि माझ्या हातात ताकाचा ग्लास दिला.

मी ताक प्याले. कोणालाच उठवलं नाही. त्या दिवसापासून मी तापमानासोबत कोण किती वाजता कुठे बसतं, हेही टिपू लागले. सकाळी सगळे पूर्वेच्या भिंतीला टेकत, तीननंतर पश्चिमेच्या. मधल्या वेळात मांडवाखाली जागा मिळेल तिथं. उभं राहायला कोणीच तयार नव्हतं.

शेवटी साहेब स्वतः आले. एसी गाडीतून उतरून गल्लीपर्यंत चालत येईतो त्यांचा चेहरा लाल झाला. आत एका कामगारानं सरकून जागा केली. साहेब बसले, दोन ग्लास ताक प्याले आणि बराच वेळ उठले नाहीत. नंतर नकाशा बदलला. वाटेवर दोरांनी ओढायचं कापडी छत आलं, दोन्ही भिंतींच्या कडेनं बसायला ओटा आला. अहवालात छताला 'ऋतुमानानुसार काढता येणारं आच्छादन' असं नाव पडलं. मी ते मिस्त्रींना वाचून दाखवलं.

"म्हंजे मांडोच ना?"

"हो."

जूनमध्ये ढग दिसू लागले. नकाशा पाऊस नसलेल्या गावाचा होता.

"कच्च्या इटा हायेत, म्याडम. पान्यात बसतीन हे भितं. कोनाच्या आंगावर पडतीन," मिस्त्री म्हणाले.

मलाही ते दिसत होतं. गल्ली पाडणार, हे मी आठवडाभर आधी सगळ्यांना सांगितलं. कोणी भांडलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. ताकवाल्या बाईनं फक्त बांबू मागितले, ते मी दिले.

पाडायला एक सकाळ पुरली. अकरापर्यंत नुसता मातीचा ढीग उरला आणि ऊन चढलं. रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता. मिस्त्री, त्यांची माणसं आणि मी त्याच्या सावलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं ड्रायव्हर ट्रक काढायला आला, आमच्याकडे बघितलं आणि अजून एक बिडी ओढून घेतो म्हणाला.